दोन टक्क्यांचा धनी कोण?

कुडाळहून नेरूरमार्गे गेलं की कर्ली नदीकाठी वालावल लागतं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळाला लागून तळं, माडांच्या बागा, भाताचे मळे आणि खाडीचं रूप घेऊ लागलेली नदी. हीच कर्ली पुढे देवबागच्या संगमावर समुद्राला मिळते. वालावलात मोठी कंपनी नाही. जवळची औद्योगिक वसाहत कुडाळची, आणि तिथले कारखाने बहुतेक लहान नाही तर मध्यम. मग कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे ज्याला सगळे ‘सीएसआर’ म्हणतात त्याचा, वालावलशी संबंध काय?

संबंध आहे. कायद्याने या पैशासाठी जी कामं नेमून दिली आहेत त्यांत पर्यावरणाचं रक्षण आहे, ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची दुरुस्ती आहे, शिक्षण आहे, ग्रामविकास आहे. तळ्यातला गाळ, देवळाच्या जुन्या लाकडाची निगा, कमी पटाची शाळा, खाडीकाठची खारफुटी: वालावलसारख्या गावाची गरज त्या यादीत जवळजवळ जशीच्या तशी बसते. तरीही पैसा इथे सहज पोचत नाही. तो कुठे जातो आणि कोणाच्या शब्दावर जातो, हे समजून घ्यायचं तर कायद्याच्या जोडीला राजकारण पाहावं लागतं. गेल्या काही वर्षांत जगभर जोर धरलेल्या लोकानुनयी राजकारणाने या पैशाची दिशा बदलली आहे.

कायद्यातली तरतूद

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मध्ये ही तरतूद आहे आणि ती 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. ज्या कंपनीचं नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 2014-15 मध्ये देशभरातला हा खर्च 10 हजार कोटींच्या आसपास होता; 2022-23 मध्ये तो 30 हजार कोटींच्या घरात गेला. कोणती कामं चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कलमात म्हटलं आहे.

या शेवटच्या वाक्यामुळे पैसा कंपन्यांच्या मागे जातो. राज्यांत सर्वाधिक सीएसआर महाराष्ट्राला मिळतो, पण त्याचा मोठा वाटा मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात राहतो. 2018 मध्ये केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या 112 ‘आकांक्षित’ जिल्ह्यांकडे कंपन्यांनी वळावं, असं सांगण्यात आलं. त्यांत महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद असे चार जिल्हे आले. सिंधुदुर्ग दोन्हीकडून सुटतो. इथे मोठ्या कंपन्या नाहीत आणि साक्षरतेच्या, आरोग्याच्या आकड्यांत जिल्हा इतका मागेही नाही. मग या जिल्ह्यासाठी दार उघडतं ते एकच: कोणीतरी वजनदार माणसाने कंपनीला शब्द टाकायचा. लोकानुनयाचं काम इथूनच सुरू होतं.

‘आम्हीच जनता’

लोकांना हवं ते करणं म्हणजे लोकानुनय, असा ढोबळ समज आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक अधिक नेमकं बोलतात. डच अभ्यासक कास मुड यांच्या मांडणीत या राजकारणाला समाज दोन तटांत विभागलेला दिसतो: एका बाजूला निर्मळ जनता, दुसऱ्या बाजूला भ्रष्ट वरचा वर्ग. जर्मन विचारवंत यान-वेर्नर म्युलर यांनी 2016 च्या पुस्तकात त्याला आणखी एक लक्षण जोडलं: असा नेता ‘मीही जनतेचा प्रतिनिधी’ म्हणून थांबत नाही, ‘मीच’ म्हणतो. त्याच्याशी असहमत असणारा मग विरोधक राहत नाही, जनतेचा शत्रू ठरतो.

या राजकारणाची मुळं खऱ्या दुःखात असतात, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. ज्याची जमीन गेली, ज्याच्या पोराला फाटकाबाहेर उभं केलं, त्याचा राग खोटा नसतो. प्रश्न त्या रागाचं पुढे काय होतं याचा आहे. कंपनीने नफा कसा मिळवला, पाणी कुठून घेतलं, सांडपाणी कुठे सोडलं, कामगाराला काय दिलं, हे विचारण्यात तो राग लागला तर उत्तरदायित्व वाढतं. लोकानुनय मात्र तो राग नेत्याच्या हवाली करतो, आणि नेता कंपनीशी बोलतो ते बहुधा कमाईबद्दल नाही, वाटपाबद्दल. कोकणाने हे फार जवळून पाहिलं आहे.

गुहागरचा धडा

1992 साली एन्रॉन ही अमेरिकी कंपनी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ दाभोळ वीजप्रकल्प उभारण्यासाठी आली. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. वीज महाग पडणार, करार अपारदर्शक आहे, खाडीची मासेमारी बिघडेल, असे ठोस आक्षेप अभ्यासकांनी, कामगार संघटनांनी आणि अंजनवेल, वेलदूरच्या गावकऱ्यांनी घेतले होते.

1995 च्या विधानसभा निवडणुकीत हे आक्षेप एका घोषणेत मावले: एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. शिवसेना-भाजपची युती सत्तेवर आली आणि ऑगस्ट 1995 मध्ये मनोहर जोशी सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात कंपनीच्या अधिकारी रिबेका मार्क शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी 1996 मध्ये प्रकल्पाला पुन्हा मंजुरी मिळाली, तीही आधीपेक्षा वाढीव क्षमतेसह.

याच काळात कंपनीच्या ‘शैक्षणिक’ खर्चाचा वाद पेटला. 1995 च्या सुरुवातीला एन्रॉनच्या एका उच्चाधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की, भारतीयांना अशा प्रकल्पांबद्दल शिक्षित करण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले. विरोधकांनी त्याला लाच म्हटलं. कंपनीने तो अभ्यासाचा, सल्लागारांचा आणि कायदेशीर कामाचा खर्च असल्याचं सांगितलं. लाचेचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. पण लोकहिताच्या नावाने केलेल्या खर्चाचा तपशील लोकांपुढे नसेल तर त्यावर कोणीही कसलाही रंग चढवू शकतो, हे तेव्हाच दिसून आलं.

घोषणेने प्रकल्प थांबला नाही. उलट ती विरली तेव्हा आंदोलनाचा राजकीय आधारच गेला. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने जानेवारी 1999 मध्ये दाभोळवर सविस्तर अहवाल काढला. शांततेने निदर्शनं करणाऱ्यांना झालेली मारहाण आणि अटका त्यात नोंदवलेल्या आहेत. प्रकल्पावर तैनात पोलीस बळाचा खर्च कंपनी उचलत होती, हा त्यातला गंभीर भाग. मे 2001 मध्ये दराच्या वादातून प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात एन्रॉनचं अमेरिकेत दिवाळं निघालं. विजेचा दर, खाडी, मासेमारी हे गावकऱ्यांचे मूळ प्रश्न राजकीय सौद्यात नेहमीच दुय्यम राहिले.

एकच नोंद, दोन अर्थ

कंपनीला शत्रू ठरवणं हा या राजकारणाचा एक चेहरा. कायदा आल्यानंतर दुसरा चेहरा अधिक ठळक झाला: कंपनीला नेत्याच्या स्वप्नाची तिजोरी करणं.

सातव्या परिशिष्टातली पाचवी नोंद राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांच्या रक्षणाची आहे. ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू आणि स्थळांची दुरुस्ती त्यात येते. कोकणातल्या कित्येक जुन्या देवळांचे कोरीव खांब, दीपमाळा आणि तळी या नोंदीत बसू शकतात. हीच नोंद दाखवून पाच सरकारी तेल कंपन्यांनी गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी पैसे दिले. ओएनजीसीने 50 कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांनी प्रत्येकी 25 कोटी, इंडियन ऑइलने 21.83 कोटी, एकूण 146.83 कोटी रुपये. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2018 च्या अहवालात यावर बोट ठेवलं: नव्याने उभारला जाणारा पुतळा हा वारसा-वास्तू नव्हे, म्हणून हा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही.

पटेलांच्या थोरवीबद्दल इथे वादच नाही. ज्या नोंदीतून शेकडो गावांतल्या मोडकळीस आलेल्या वास्तू सावरता आल्या असत्या, ती एका भव्य प्रतीकासाठी वापरली गेली. प्रतीक एकदम दिसतं, त्याचं उद्घाटन होतं, त्याच्याशी नेत्याचं नाव कायमचं जोडलं जातं. गाळ काढलेल्या तळ्यासमोर तसा समारंभ रंगत नाही. लोकानुनयी राजकारणाला दिसणारं काम हवं असतं; गावाला बहुतेक वेळा न दिसणारं काम हवं असतं.

हंगेरीत हेच अधिक पद्धतशीरपणे झालं. व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने 2011 पासून कंपन्यांना आपल्या करातला हिस्सा थेट फुटबॉलसारख्या सांघिक खेळांच्या क्लबांकडे वळवायची मुभा दिली. या पैशाच्या मोठ्या लाभार्थ्यांत फेलचूट गावातली फुटबॉल अकादमी होती. फेलचूट हे ओर्बान यांच्या बालपणाचं गाव, आणि अकादमी त्यांनीच सुरू केलेली. गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत. 2014 मध्ये तिथे उघडलेल्या स्टेडियमची आसनं त्याच्या जवळपास दुप्पट. कोणत्याही कंपनीवर सक्ती नव्हती. पण सत्तेची मर्जी कशावर आहे हे माहीत असताना देणगीचं पाकीट कुठे पाठवायचं, हे कंपनीला वेगळं सांगावं लागत नाही.

करोनाच्या दिवसांत

28 मार्च 2020 रोजी पीएम केअर्स निधीची घोषणा झाली आणि त्यातली देणगी सीएसआर म्हणून धरली जाईल, असं लगेच स्पष्ट करण्यात आलं. 10 एप्रिल 2020 च्या परिपत्रकात कंपनी व्यवहार मंत्रालयाने सांगितलं की, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला पैसा सीएसआर ठरणार नाही. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेला मात्र ठरेल. कायद्याच्या मूळ यादीत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी होता, मुख्यमंत्र्यांचा नव्हता, हे त्यामागचं तांत्रिक कारण. पण त्या वेळी देशात सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते आणि देशातल्या कित्येक मोठ्या कंपन्यांची मुख्यालयंही इथेच. राज्यातून याला तीव्र विरोध झाला.

पक्षांची भांडणं बाजूला ठेवून पाहिलं तरी व्यवस्थेतला दोष दिसतो. ‘परिसराला प्राधान्य’ हे कायद्यातलं तत्त्व संकटाच्या घडीला मागे पडलं आणि ज्याच्या नावाचा निधी त्याच्याकडे पैसा गेला. जानेवारी 2021 मधल्या दुरुस्तीने तर ठरलेल्या मुदतीत न खर्चलेला पैसा, तो चालू प्रकल्पाचा नसेल तर, परिशिष्टात नमूद केलेल्या निधीत भरणं बंधनकारक केलं. कंपन्यांनी टाळाटाळ करू नये म्हणून हे आवश्यकच होतं. पण त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की गावात चौकशी करत बसण्यापेक्षा एका मोठ्या निधीत धनादेश टाकणं कंपनीला सोपं पडतं.

गप्प राहण्याची सवय

कंपनीने बोलायचं ठरवलं तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. 2022 मध्ये फ्लोरिडात शाळेतल्या लैंगिकतेविषयीच्या चर्चेवर बंधनं घालणारा कायदा आला. कर्मचाऱ्यांच्या दबावामुळे डिस्ने कंपनीने त्याला विरोध केला. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी कंपनीला लोकांच्या शत्रूच्या जागी उभं केलं आणि डिस्नेला 1967 पासून मिळालेल्या विशेष स्थानिक प्रशासनाच्या अधिकारांवर राज्याने ताबा घेतला. मार्च 2024 मध्ये तडजोड झाली. त्याच काळात फ्लोरिडाने ब्लॅकरॉक या गुंतवणूक संस्थेकडचे 2 अब्ज डॉलर काढून घेण्याचं जाहीर केलं, कारण ती पर्यावरण आणि समाजाचे निकष लावून गुंतवणूक करते. 2023 मध्ये तिच्या प्रमुखांनी त्या निकषांसाठीचं ‘ईएसजी’ हे रूढ नावच वापरणं सोडल्याचं सांगितलं.

भारतात कंपन्या या टोकापर्यंत जात नाहीत. त्या आधीच सावध असतात. शाळेला संगणक, दवाखान्याला यंत्र, गावाला सौरदिवे, इथपर्यंत सगळे खूश. जमिनीचा हक्क, मजुरी, प्रदूषणाची नोंद असल्या विषयांवर काम करणाऱ्या संस्थेला मदत करायची तर संचालक मंडळ चारदा विचार करतं. वाद नको म्हणून समाजाचे सगळ्यात अवघड प्रश्न सीएसआरच्या यादीतून आपोआप गळतात.

नाणार ते बारसू

सिंधुदुर्गच्या उंबरठ्यावरचं उदाहरण नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं. 2017 मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी मिळून त्यासाठी कंपनी स्थापन केली. वर्षाला 6 कोटी टन क्षमता, सुमारे 3 लाख कोटींची गुंतवणूक. राजापूर तालुक्यातल्या गावांबरोबर देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही त्यात होती. आंबा बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी 2019 मध्ये शिवसेना-भाजपची युती जाहीर होताना प्रकल्प नाणारमधून हलवण्याचं ठरलं आणि पुढे भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. सत्ता गेल्यावर मे 2023 मध्ये ते बारसूच्या आंदोलकांच्या बाजूने तिथे गेले. त्याआधी एप्रिलमध्ये माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलीस कारवाई झाली होती, तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं.

यातल्या एकाही वळणावर निर्णय गावाच्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाला नाही. प्रकल्प रद्द झाला तो युतीच्या वाटाघाटीत, परत आला तो एका पत्रातून. समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचं काय होईल, बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं कशी राखणार, बागायतीवर काय परिणाम होईल, या प्रश्नांना कंपनीने गावासमोर बसून लेखी उत्तरं दिली असती तर ते खरं सामाजिक उत्तरदायित्व ठरलं असतं. लोकानुनयी राजकारणात कंपनीला त्याची गरज उरत नाही. तिला एका नेत्याचं मन वळवायचं असतं. आणि नेता बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

शाळेच्या नावात कंपनी

वालावलसारख्या गावाला हे सगळं सर्वात जवळून भिडेल ते शाळेत. सिंधुदुर्गात कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा गावोगावी आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने ‘दत्तक शाळा’ योजना आणली. कंपनी किंवा देणगीदार सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकतो आणि तेवढ्या काळासाठी त्याचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी पाच वर्षांची देणगी 50 लाख रुपये, दहा वर्षांची 1 कोटी. देणगी रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात.

कोकणाला देणगीचं वावडं नाही. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, कचेरीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी गावच्या मंडळांमार्फत शाळांच्या खोल्या बांधल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले. मंडळाचं पावतीपुस्तक असायचं, वार्षिक सभा असायची आणि पाच रुपये देणारा माणूसही उठून जमाखर्च विचारायचा. देणारा गावचाच, म्हणून हिशेबही गावातच व्हायचा. कंपनीच्या देणगीत ही साखळी तुटते. देणारा मुंबईत, ठरवणारा मंत्रालयात, फोटो पुढाऱ्याचा. गावाच्या वाट्याला टाळ्या वाजवण्याचं काम.

आकड्यांचा अंदाजही इथे हवा. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलांना महिना 1,500 रुपये मिळतात आणि तिच्यासाठी वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद सरकारने जाहीर केली होती. बाईच्या हाती स्वतःचा पैसा येणं ही मोठी गोष्ट आहे. पण देशातल्या सगळ्या कंपन्यांचा वर्षाचा सीएसआर या एका योजनेपेक्षा कमी भरतो. म्हणजे थेट वाटपावर तिजोरीचा ताण आला म्हणून शाळा आणि दवाखाने कंपन्यांवर सोपवण्याइतका हा पैसा मुळात मोठा नाही. शिक्षक नेमणं हे सरकारचं काम आहे, ते दोन टक्क्यांतून होणार नाही.

गावाच्या हातात काय आहे

उपाय बराचसा कायद्यातच आहे, तो वापरला जात नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी सीएसआर नव्हे, हे नियमांत स्पष्ट आहे. जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्वही नव्हे. दहीहंडीच्या फलकावर कंपनीचं नाव झळकलं तर तो जाहिरातीचा खर्च. कंपनीवर दुसऱ्या कायद्याने जे बंधनकारक आहे, तेही यात धरता येत नाही. या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सार्वजनिक संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावावरच हवी. कंपनीने आपलं धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर द्यायचे असतात. जिल्हावार खर्च केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कोणालाही पाहता येतो.

कंपन्यांच्या राजकीय देणग्यांचं नेमकं उलट झालं होतं. 2017 मध्ये त्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठली आणि निवडणूक रोख्यांच्या आड देणारा दिसेनासा झाला. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरवले. कंपनी समाजाला काय देते ते उघड आणि पक्षाला काय देते ते झाकलेलं, अशी अवस्था सात वर्षं होती. अशा अवस्थेत समाजासाठीचा पैसाही राजकीय मर्जीच्या हिशेबात ओढला जातो, आणि तसं झालं की नाही हे तपासायची वाटही राहत नाही.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. आलेल्या मदतीबद्दल तिथे मालवणीत एक साधा सवाल उभा राहू शकतो: “पैसे कोणाचे, नि हिशोब कोण देतलो?” गावाने आपल्या कामांची यादी आधी ठरवावी: तळ्याचा गाळ किती, दुरुस्तीला खर्च किती, शाळेला शिक्षक हवा की रंग. ती ठरावात मांडावी, तालुक्यातल्या इतर गावांच्या यादीला जोडावी आणि मग कंपनीकडे जावं. कंपनीकडून केवळ खर्चाचा आकडा घेऊ नये, तिच्या धंद्याचा गावाच्या पाण्यावर, जमिनीवर, मासळीवर होणारा परिणामही लेखी मागावा. पुढाऱ्याने शब्द टाकला तर त्याचे आभार मानावेत, पण ठराव ग्रामसभेचाच राहावा.

नफ्यातले दोन टक्के ही कंपनीने समाजाला दिलेली भेट नाही, तो कायद्याने ठरलेला वाटा आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले याचं उत्तर देणं त्याहून मोठं कर्तव्य आहे. लोकानुनयी राजकारण या दोन्ही गोष्टी लोकांच्या नावाने मागतं आणि लोकांच्या हातात पोचू देत नाही. त्या परत हाती घ्यायच्या तर नेता चांगला मिळण्याची वाट पाहून चालणार नाही. ठराव, हिशेब आणि लेखी उत्तर यांचा आग्रह प्रत्येक गावाला स्वतःच धरावा लागेल, आपला पक्ष सत्तेत असला तरीही.